दोन ओळींत बसणारं वचन

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या आमच्या छापखान्यात प्रूफं तपासायला एक म्हातारे मास्तर होते. आधी त्यांचं नाव घ्यायला हवं, पण नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलंय, म्हणून नुसतं मास्तर. ते नसते तर एका बाईचं माझ्या हातून वाटोळं झालं असतं आणि मी पुन्हा कधी बायबल उघडलं नसतं. ते आमच्यातले नव्हेत. कपाळाला गंध लावून यायचे. त्यांचं घराणं इथं कैक पिढ्यांचं. "मराठ्यांच्या फौजेबरोबर आलो अक्का, फौज परत गेली, आम्ही राहिलो," असं सांगून स्वतःच हसायचे. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी, आणि माझी मराठी जालन्याकडची, त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही एकमेकांना नुसते होकार देत होतो.

मी सातवी शिकलेली. पुढची शाळा लांब होती आणि आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बेंगळुरूला आले. नवरा होसकोट्याच्या एका गोदामात, मी छापखान्यात कापणी, घडी आणि बांधणीला. स्वभाव भित्रा. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणार. शिकलेल्या माणसानं काही विचारलं की तळहात ओले होतात. म्हणून ज्यानं मला कधी अडाणी म्हटलं नाही, त्याचे उपकार मी मोजत नाही, साठवते.

नोव्हेंबर आला की आमच्याकडे वचनकार्डांचं काम यायचं. ख्रिस्ती लोकांत, म्हणजे आमच्यात, नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला पेटीतून डोळे मिटून एकेक कार्ड उचलतात. कार्डावर बायबलातलं एक वचन. जे हाताला लागेल ते देवानं त्या वर्षासाठी तुम्हाला दिलेलं. लोक ते पाकिटात ठेवतात, फ्रिजवर चिकटवतात. मीही दरवर्षी चिकटवायचे.

त्या वर्षी सोलापूरकडच्या कुणीतरी मराठी कार्डं सांगितली होती आणि त्यांच्या यादीत आठ वचनं कमी भरली. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा माझ्याकडे वळले.

"तू क्रिस्तियन ना? बायबल आहे ना घरी?"

"आहे की."

"उद्या आठ लिहून आण. चांगली बघून. शाप-बिप नको. दोन ओळी फक्त. एक शब्द जास्त झाला तर कार्डावरच्या गुलाबाच्या चित्रावर जातो."

मला केवढा आनंद झाला! सातवीच्या पोरीला बायबलातून वचनं काढायला सांगितली होती. त्या संध्याकाळी वडलांचं जुनं बायबल मांडीवर घेतलं आणि बाजारात पालेभाजी निवडावी तशी वचनं निवडली. आशीर्वाद दिसला, घे. शांती दिसली, घे. लांब आहे, टाक. मधेच त्या माणसाचं पुस्तक लागलं, ज्याची दहाही मुलं एका दिवसात मेली आणि जो अंगभर फोड घेऊन राखेत बसला. ते मी कधी वाचलं नव्हतं. दुःखाचं म्हणून पानं उलटून पुढे जायचे. पण त्यात एक ओळ दिसली: सुरुवात लहान असली तरी शेवटी तुझी फार भरभराट होईल, अशा अर्थाची. मोजली. बरोब्बर दोन ओळी. लिहून घेतली.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी ते प्रूफ वाचलं, एक अनुस्वार राहिला होता तो टाकला, "सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि पान पुढे गेलं.

कापताना जास्तीच्या कार्डांचा एक गठ्ठा निघाला. अण्णा म्हणाले, घेऊन जा तुझ्या चर्चला. मी तो नेऊन आमच्या पास्टरच्या हातात दिला, आणि मिरवत सांगितलं की यातली आठ मी काढलेली आहेत. पास्टर म्हणाले, "प्रेज द लॉर्ड सिस्टर," आणि माझ्याकडे न बघता गठ्ठा पेटीत टाकला.

आमची मंडळी शिवाजीनगरात एका खाणावळीच्या वर, भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. तीसेक घरं, सगळी महाराष्ट्रातून आलेली. खालून कांदा परतल्याचा वास आणि वर आमची गाणी. आठवडाभर हिंदी-कानडीत तोंड वाकडं करून दमलेली माणसं तिथं येऊन मराठीत मोठ्यानं रडायची. म्हणून मला ती जागा आवडायची, हे खोटं कशाला सांगू?

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पेटी फिरली. माझ्या शेजारी नागपूरकडची एक बाई बसली होती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याबरोबर त्याच गोदामात. ऑक्टोबरात तिची सात महिन्यांची मुलगी तापानं गेली होती. तेव्हापासून ती यायची, बसायची, निघून जायची. तिनं डोळे मिटून हात घातला आणि कार्ड काढलं. राखेतल्या माणसाच्या पुस्तकातलं, माझं. तिनं ते दोनदा वाचलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी आतून फुगले. देवानं माझ्या हातून हे करवलं, असं वाटलं. आज आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

दोन रविवार ती आली नाही. माझा नवरा म्हणाला, तिचा नवरा सांगत होता की ती जेवत नाही, चहावर आहे. मी सुटीच्या दिवशी बस धरून होसकोट्याला गेले. ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती. समोर बायबल उघडं.

"काहून आलीस?" म्हणाली.

"बघायला आले."

"मंग हे बघ." तिनं बोट ठेवलं. कार्डावर बारीक अक्षरात अध्यायाचा आकडा असतो. आपलं वचन जागेवर वाचावं, पाठ करावं म्हणून तिनं तो अध्याय काढला होता. भरभराटीच्या ओळीच्या तीनच ओळी वर लिहिलं होतं की तुझ्या मुलांनी पाप केलं, म्हणून देवानं त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तळहात ओले झाले.

"सात महिन्याची होती माही पोरगी," ती म्हणाली. "बसतही नोती धड. तिनं काय पाप केलं असंन? मंग मीच केलं असंन नं? मले आठवून नाही रायलं, काय केलं ते."

तिनं पास्टरला फोन केला होता. ते घरी येऊन गेले होते. त्यांनी काय सांगावं? म्हणाले, वचन खोटं बोलत नाही. एवढ्या कार्डांतून हेच तुझ्या हाती आलं, म्हणजे देवाला तुझ्याशीच बोलायचंय. कुठलं तरी पाप तू झाकून ठेवलंयस. येत्या रविवारी मंडळीपुढे उभी राहून कबूल कर, मग कूस उघडेल आणि वचनाचा दुसरा अर्धा भागही खरा होईल.

आमच्याकडची कबुली मी पाहिलेली होती. पास्टर माईक हातात देतात आणि हळूच म्हणतात, "आणखी? आणखी काही?" बाई रडते. पुढच्या रांगेतले खुर्चीच्या टोकाला सरकतात. त्याला ते ओझं वाहणं म्हणतात. कशाचं ओझं! चौकात भांडण लागलं की जशी माना लांब करून बघतात, तेच. मग सगळे मिळून पुलाव खातात आणि बोटं चाटत म्हणतात, बिचारी. मीही सरकले होते खुर्चीच्या टोकाला. एकदा नाही, तीनदा. पुलाव मीही दोनदा घेतला होता.

आणि तिला सांगायची एकच गोष्ट होती, की बाई, ते वचन तुझ्यासाठी देवानं नाही, मी काढलं, गुलाबाच्या वर बसतं म्हणून. ती मी सांगितली नाही. "येते," म्हणाले आणि उठले. बसमध्ये सगळा रस्ता मी एवढंच म्हणत होते, पण ते बायबलात आहे, म्हणजे खरंच असणार, मी काढो नाहीतर कुणी काढो. आणि ते खरं असेल तर हा कसला देव? आणि खरं नसेल तर वडील संध्याकाळी हात जोडून वाचायचे ते काय?

सोमवारी मी कापायच्या यंत्रावर कागद तिरपा लावला. अख्खं बंडल वाया गेलं. अण्णा ओरडले. मास्तरांनी मला बाजूला बोलावलं.

"काय झालं अक्का? स्वल्प बस. पाणी पी."

मी सगळं सांगितलं. रडत, नाक ओढत. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "ही ओळ बोललं कोण?"

"देव. बायबल आहे ना."

"बायबल हे पुस्तक झालं. ह्या ओळीत तोंड कुणाचं उघडलंय, ते विचारतोय."

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. लहानपणापासून वचन म्हटलं की देवाचं, एवढंच डोक्यात.

"उद्या पुस्तक आण," म्हणाले.

मग आम्ही चार दिवस जेवणाच्या सुटीत ते पुस्तक वाचलं. मास्तर प्रूफ वाचायचे तसं. ओळीखाली लोखंडी पट्टी, आणि मी मोठ्यानं वाचायचं. दर थोड्या वेळानं ते थांबवायचे, "आता कोण बोलतंय?" मी मागं जाऊन शोधायचे. समासात चिठ्ठी लावून ते पेन्सिलीनं लिहायचे: तो स्वतः. पहिला मित्र. तो स्वतः. दुसरा मित्र. दुसरा मित्र, तिथंच माझी ओळ होती. त्या दुःखी माणसाचं सांत्वन करायला आलेले त्याचे मित्र. त्यातला एक त्याला म्हणतो की तुझी मुलं पापानं मेली, तू देवाकडे वळ म्हणजे भरभराट होईल. म्हणजे कार्डावरचं गोड वाक्य हे त्या घाणेरड्या बोलण्याचं शेपूट होतं. मी डोकं कापून शेपूट तेवढं छापलं होतं.

"ह्याला सांत्वन म्हणतात व्हय?" मास्तर म्हणाले. "आमच्यातही असतात असले. दहाव्याला येऊन पत्रिका विचारणारे."

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. "मास्तर, पण हे बायबलात लिहिलंय. मित्र खोटं बोलला, तर बायबल खोटं झालं ना?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "कोर्टाचा कागद पाहिलायस? त्यात चोराची जबानी असते, शब्द न् शब्द. कागद खरा असतो. म्हणून चोर खरा होतो का? निकाल कुठं असतो?"

"शेवटी."

"मग शेवटपर्यंत वाच. त्याच्या आधी कुणाला फाशी देऊ नये."

मी म्हटलं, "तुमचा विश्वास आहे का ह्याच्यावर?"

"माझा कशाला? मी वाचणारा. विश्वास तुझा. पण विश्वास आहे म्हणतेस आणि पुरतं वाचलेलं नाहीस, हे कसलं गं? माझा जावई माझ्यावर विश्वास आहे म्हणतो आणि मी बोलायला लागलो की फोन बघतो, तसलं झालं."

शुक्रवारी शेवटचं पान आलं. देव स्वतः बोलतो, आणि त्या मित्रांना सांगतो की मला तुमचा राग आलाय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, हा राखेतला माणूस बोलला तसं. मी वाचायची थांबले. मास्तर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. डब्यातली भाकरी तशीच होती. मला वाटलं, एवढं मोठं पुस्तक माझ्या घरात कपाटावर पडून होतं आणि त्यात हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पास्टरच्या घरीही होतंच. त्यांच्याकडे तर सहा-सात प्रती, सोनेरी कडांच्या.

पुढे त्या माणसाला पुन्हा दहा मुलं होतात. तिथं मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे मला नाही पटलं. गेलेली ती गेलीच की. पण छापलंय ते छापलंय." त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मीही अनुस्वार पाहिला, माणूस पाहिला नाही. निम्मी चूक माझी. जा, त्या बाईला सांग. रविवारच्या आधी."

शनिवारी अर्धा दिवस रजा मागितली. होसकोट्याला पोचेपर्यंत तीनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. ती तशीच बसलेली, आणखी बारीक झालेली. मी आधी माझंच सांगितलं. अण्णांनी काय म्हटलं, मी कसं निवडलं, गुलाब, दोन ओळी, सगळं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू काढलंस? फुलासाठी?"

"हो."

"पंधरा दिवस मी माह्या पोरीचं पाप शोधून रायली. झोपेत. आन् तू गप होतीस?"

मी बायबल उघडून शेवटचं पान तिच्यापुढे ठेवलं आणि मास्तरांच्या चिठ्ठ्या दाखवल्या, कोण कुठं बोलतंय त्या. तिनं मला वाचू दिलं नाही. स्वतः वाचलं, ओठ हलवत, दोन तास. मी कोपऱ्यात बसून राहिले. देव मित्रांवर रागावतो तिथं ती थांबली, बोट ठेवून राहिली. पुढचं वाचून तिनं पुस्तक ढकललं.

"नवी पोरं देल्ली म्हने! जुनी कुठी गेली मंग?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मास्तरांनाही पटलं नाही ते."

"कोन मास्तर?"

"आमच्या छापखान्यातले. हिंदू आहेत."

ती पहिल्यांदा जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली. "हिंदू मानूस बसून वाचते, आन् आपला पास्टर..." मग म्हणाली, "तू जाय आता. मले तुह्यं तोंड नाही पाहाचं."

मी गेले.

रविवारी ती आली. तेल लावून वेणी घातलेली. मला वाटलं, कबूल करायलाच आली. पास्टरनी नेहमीसारखं अत्तर फवारलेलं होतं, तो वास आणि खालचा कांदा मिळून मला आजही नको होतो. संदेश सांगून झाला. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "आपली एक बहीण आज ओझं उतरवणार आहे." पुढच्या रांगेतल्या खुर्च्या करकरल्या. सगळे टोकाला.

ती उभी राहिली. माईक घेतला नाही. "पास्टर, पुढचं वाचा."

"कुठलं पुढचं, सिस्टर?"

"त्याच पुस्तकातलं. शेवटचं पान. देव कोनावर रागावला ते वाचा मंडळीले."

ते हसले. लहान मुलाला हसतात तसे. "सिस्टर, वचनाशी वाद घालू नये."

"वचनाशी कोन घालते बाप्पा? मी तुमच्याशी घालून रायली."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. पास्टरचा चेहरा बदलला. बायबलनं अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय, असं काहीतरी ते म्हणाले, आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. कीबोर्ड सुरू झाला. सगळे टाळ्या वाजवून गायला लागले, आणि त्या गाण्याखाली तिचा आवाज बुडाला. ती बोलतेय हे दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ज्या देवाच्या स्तुतीचं गाणं, त्याच गाण्यानं एका आईचं तोंड दाबलं. मी पुष्कळ घाण पाहिली आहे, गावात, दवाखान्यात, बसस्टँडवर. त्या टाळ्यांएवढी शिसारी मला कशाची आली नाही. आणि सवयीनं माझेही हात एकावर एक आपटत होते. ते बघितलं आणि मी उठले.

ती जिना उतरत होती. मी मागे. खालच्या खाणावळीत ती जाऊन बसली आणि पोऱ्या यायच्या आधीच ओरडली, "दोन इडली." मी दारात उभी. आत जावं की नाही कळेना. तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस नं. उभी काहून हायेस भूतावानी?"

मी बसले. ती बोलली नाही. महिनाभर बोलली नाही. पण त्या दिवसापासून जेवत होती, हे तिच्या नवऱ्याकडून कळत होतं, आणि मला तेवढं पुरे होतं.

आम्ही दोघी परत त्या हॉलमध्ये गेलो नाही. मंडळीत आमच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते ऐकलं. मी विश्वासातून पडले, हिंदूकडून बायबल शिकते. मराठीत रडायची एक जागा गेली, त्याचं वाईट वाटतं. अजून वाटतं.

बायबलावर विश्वास ठेवायचा का, असं कुणी मला विचारलं तर मी ठेवते. आधीपेक्षा जास्त ठेवते, कारण आधी मी कार्डांवर ठेवत होते. आता पहिल्या पानापासून वाचतेय, रोज एक अध्याय, "कोण बोलतंय" विचारत. कुठं कुठं अंगावर काटा येतो, कुठं देवाचाच राग येतो. पान उलटून पळत नाही. ज्या पुस्तकानं खोट्या सांत्वनाचं बोलणं झाकलं नाही, उघडं मांडून शेवटी त्याला खोटं म्हटलं, ते मला फसवणार नाही असं वाटतं. त्याचा अधिकार मी मानते. पण त्याचा तुकडा कापून हातात काठीसारखा धरणाऱ्याचा मानत नाही. पुढच्या नोव्हेंबरात अण्णांनी परत वचनं काढायला सांगितली, तेव्हा मी हात जोडले. "का गं, काय झालं? तलेनोवु आहे तुझी म्हणजे," अण्णा म्हणाले. मी त्यांची डोकेदुखी, हे मान्य केलं आणि कापणीला गेले.

मास्तर आता येत नाहीत. डोळ्यांत पडदा आलाय. परवा त्यांच्या घरी गेले तर खिडकीशी बसले होते. रोज सकाळी एक पोथी वाचायचे म्हणे, वडिलांच्या हातची, मराठी. आता अक्षर लागत नाही. सून कानडी वाचते, नातवंडं इंग्रजी. "पाठ आहे ते म्हणतो, बाकीचं राहतं," म्हणाले, आणि विषय बदलला.

मी वाचून दाखवते, असं तेव्हा म्हणवलं नाही. शिकलेल्या घरात माझी जीभ टाळूला चिकटते. आणि माझं वाचन अजून अडखळतं, जोडाक्षराला थांबावं लागतं. पण ते सुधारतेय, रोजच्या एका अध्यायानं. एक दिवस मी त्यांच्या घरी जाईन, पट्टी घेऊन, आणि ती पोथी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवीन. कुणी पाप म्हणो की काही म्हणो. एक ओळ गाळणार नाही, मास्तर.